कुमारवय आणि समाजमाध्यमें

(आकाशवाणीवरील भाषण)



तेरा ते अठरा या वयाचीं मुलें ज्या घरांत आहेत त्या घरांत हल्लीं एक वाद बहुधा रोज होतो. त्याची वेळ रात्रींच्या जेवणानंतरची असते आणि त्याचें कारण हाताच्या पंजाएवढें असतें. आई म्हणते, "पुरे कर आतां"; मुलगा म्हणतो, "पांचच मिनिटें"; आणि वडील आपल्या हातांतील तशाच यंत्रावरून मान वर न करतां म्हणतात, "ऐक जरा आईचें." हा वाद मिटविण्याचें सामर्थ्य एका भाषणांत नाहीं हें मी जाणतों. तथापि तो वाद यंत्राविषयीं आहे कीं यंत्रांतील एखाद्या विशिष्ट गोष्टीविषयीं आहे, एवढें जरी आपल्याला स्पष्ट झालें तरी पुष्कळ झालें असें मी समजेन.

मी जन्मभर शाळामास्तर. शिक्षण मॅट्रिकपर्यंतचें, मानसशास्त्राचा पंडित मी नव्हें. परंतु माझ्या नोकरीचीं शेवटचीं दहा वर्षें आणि या नव्या माध्यमांच्या प्रसाराचीं पहिलीं दहा वर्षें एकाच वर्गांत गेलीं, आणि निवृत्तीनंतर या विषयावर जें हातीं लागलें तें वाचीत आलों आहें. त्या बळावर चार गोष्टी आपल्यापुढें ठेवतों.

प्रथम विषयाची व्याप्ति पाहूं. फेसबुक २००४ सालीं निघालें, यूट्यूब २००५ सालीं, व्हॉट्सॲप २००९ सालीं, इन्स्टाग्राम २०१० सालीं आणि स्नॅपचॅट २०११ सालीं. म्हणजे आज दहावींत बसणाऱ्या मुलाच्या जन्माच्या आधींचीं, किंवा फार तर त्याच्या बरोबरीचीं, हीं माध्यमें आहेत. आपल्याला जें नवलाचें वाटतें तें त्याला नळाच्या पाण्याइतकें जुनें आहे. या सर्वांना मिळून आपण ‘समाजमाध्यमें’ असें एकच नांव देतों. पण या एका नांवाच्या गांठोड्यांत दोन अगदीं निराळ्या वस्तु बांधलेल्या आहेत, आणि गोंधळ तेथूनच सुरू होतो.

एक वस्तु म्हणजे ओळखीच्या माणसांशीं बोलणें. मैत्रिणीला गणित विचारणें, मामेभावाची थट्टा करणें, सहलीचा बेत ठरविणें. तिला आपण ‘सोबत’ म्हणूं. दुसरी वस्तु म्हणजे ओळखीच्या आणि अनोळखी अशा असंख्य लोकांपुढें स्वतःला मांडणें, त्यांनीं दिलेली पसंती आंकड्यांत मोजणें, आणि यंत्रानें निवडून पुढें केलेलीं परक्यांचीं चित्रें एकामागून एक पाहत राहणें. तिला आपण ‘जत्रा’ म्हणूं. जत्रेंत वाईटच असतें असें नाहीं. तेथें पाळणे असतात, मिठाई असते, चांगलीं माणसेंहि असतात. परंतु जत्रेंत आपण मुलाला एकटें सोडीत नाहीं, रात्रभर तर मुळींच सोडीत नाहीं. आज मला जें सांगावयाचें आहे तें सारें या दोन शब्दांच्या फरकांत आहे.

लाभाची बाजू आधीं सांगतों. कारण ती सांगितल्यावांचून पुढचें कोणतेंहि मूल आपलें ऐकणार नाहीं, आणि तें योग्यच आहे. मार्च २०२० मध्यें कोरोनाच्या साथीमुळें शाळा बंद झाल्या. त्या काळांत पुष्कळ शिक्षकांनीं व्हॉट्सॲपच्या ग्रुपांतून धडे पाठविले, मुलांनीं वहीच्या पानांचीं छायाचित्रें काढून परत पाठविलीं, आणि शाळेशीं असलेला धागा तुटूं दिला नाहीं. ज्या घरीं असा फोन नव्हता तेथील मुलांचें किती नुकसान झालें हें शिक्षकवर्गाला पुरेपूर ठाऊक आहे, आणि त्यावरूनच या साधनाचें मोल कळतें.

दुसरें उदाहरण बुजऱ्या मुलाचें. वर्गांत उभें राहून बोलतांना जो अडखळतो तो लिहितांना अडखळत नाहीं; त्याच्या मनांतील विनोद त्याच्या सोबत्यांना प्रथम ग्रुपवरच कळतो. एखाद्या मुलीला दुर्मिळ आजार असतो. तिच्या गांवांत तसें दुसरें मूल नसतें, पण जगांत कोठें तरी असतें, आणि त्या दोघींची गांठ पडते. आडगांवच्या मुलाला पक्षी ओळखण्याचा नाद असतो. त्याला गुरु शंभर कोसांवर मिळतो. परदेशांत वाढणारी मराठी मुलगी आजीशीं रोज मराठींत बोलूं शकते. अमेरिकेंतील प्यू या संशोधनसंस्थेनें २०२२ सालीं प्रसिद्ध केलेल्या पाहणींत १३ ते १७ वर्षांच्या मुलांपैकीं शेंकडा ८० जणांनीं, मित्रांच्या आयुष्यांत काय चाललें आहे तें या माध्यमांमुळें अधिक कळतें, असें सांगितलें. आणि शेंकडा ६७ जणांनीं, अडचणीच्या वेळीं आधार देणारीं माणसें येथें आहेत असें वाटतें, असें म्हटलें. हे आंकडे आपण वडील माणसांनीं टाळून पुढें जाऊं नये.

एवढेंच नव्हे, तर जत्रेचाहि कधीं कधीं उपयोग होतो. ऑगस्ट २०१८ मध्यें ग्रेटा थुनबर्ग ही पंधरा वर्षांची मुलगी हातानें रंगविलेला एक फलक घेऊन स्वीडनच्या पार्लमेंटपुढें एकटीच बसली. तिची वार्ता समाजमाध्यमांतून पसरली आणि पुढच्या वर्षीं निरनिराळ्या देशांतील लक्षावधि मुलें हवामानाच्या प्रश्नावर रस्त्यांत आलीं. तिचीं मतें कोणास पटोत वा न पटोत. पंधरा वर्षांच्या मुलीचा आवाज एवढ्या दूर जाण्याची सोय पूर्वींच्या कोणत्याहि पिढीला नव्हती, हें मान्य केलें पाहिजे.

यावर कोणी म्हणेल कीं, मग काळजी कसली? वडीलधाऱ्यांनीं प्रत्येक नव्या वस्तूला नांवें ठेवलीं आहेत. कादंबऱ्या आल्या तेव्हां तरुण मुली बिघडतील असें म्हणत. नाटकाला जाणारा मुलगा वायां गेला असें समजत. सिनेमानें तर पिढीच्या पिढी बुडणार होती. तसें कांहीं झालें नाहीं. हा आक्षेप वजनदार आहे आणि त्याला उत्तर दिल्यावांचून पुढें जातां येणार नाहीं.

माझें उत्तर असें. कादंबरी वाचणारा कादंबरी वाचतो. कादंबरी त्याला वाचीत नाहीं. सिनेमा तीन तासांनीं संपतो आणि दिवे लागतात. हें नवें यंत्र मात्र पाहणाऱ्याला पाहत असतें. कोणत्या चित्रावर बोट थांबलें, किती क्षण थांबलें, कशावरून झटकन् पुढें सरकलें, याची नोंद तें ठेवतें आणि पुढचें चित्र त्या नोंदीवरून निवडतें. शिवाय त्याला शेवटचें पान नाहीं. पान संपलें कीं ‘पुढें’ असें दाबावें लागण्याची जी पूर्वींची पद्धति होती ती काढून, बोट सरकवीत राहावें आणि मजकूर येत राहावा, अशी योजना २००६ च्या सुमारास एझा रॅस्किन या अमेरिकन रचनाकारानें केली. तिच्या दुष्परिणामांविषयीं पुढें त्यानें स्वतःच जाहीरपणें खेद व्यक्त केला आहे. २००९ सालीं फेसबुकनें ‘लाइक’चें बटण आणलें. त्यानें पसंतीला आंकडा दिला आणि तो आंकडा सर्वांच्या डोळ्यांपुढें टांगला.

हें सारें मुलांच्या द्वेषानें केलेलें नाहीं. त्याचें कारण हिशेबाच्या वहींत आहे. फेसबुक आणि इन्स्टाग्राम या दोहोंची मालकी असलेल्या मेटा कंपनीच्या २०२४ सालच्या उत्पन्नांत शेंकडा ९७ हून अधिक भाग जाहिरातींचा होता. जाहिरात दाखवावयाची तर माणूस तेथें बसून राहिला पाहिजे. वाण्याच्या दुकानांत गिऱ्हाइकानें सामान घेऊन लवकर जावें असें वाण्याला वाटतें; येथें गिऱ्हाइकानें जाऊंच नये असें दुकानदाराला वाटतें, कारण विकावयाची वस्तु गिऱ्हाइकाचें लक्ष हीच आहे.

आतां कुमारवयाकडे वळूं. हें यंत्र आपल्या सर्वांच्याच हातांत आहे. मग मुलांचीच काळजी अधिक कां? याचें कारण शिक्षकाला अनुभवानें ठाऊक असतें आणि शास्त्रज्ञांनीं तें प्रयोगानें दाखविलें आहे. दहा वर्षांच्या मुलाला आईबाप काय म्हणतील याची फिकीर असते. चौदा वर्षांच्या मुलाला वर्ग काय म्हणेल याची असते. हा दोष नव्हे. घराबाहेर पाऊल टाकण्याची ती निसर्गानें केलेली तयारी आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस येथील संशोधकांनीं २०१६ सालीं एक प्रयोग प्रसिद्ध केला. १३ ते १८ वर्षांच्या ३२ मुलामुलींना इन्स्टाग्रामसारखीं चित्रें दाखविलीं आणि त्या वेळीं त्यांच्या मेंदूंतील क्रियेचें चित्रण केलें. चित्राखालीं किती लाइक आहेत तो आंकडा संशोधकांनींच घातलेला होता; तेंच चित्र कांहींना पुष्कळ पसंतीचें म्हणून दाखविलें, कांहींना थोड्या पसंतीचें म्हणून. ज्या चित्राखालीं आंकडा मोठा, तेंच मुलांनींहि अधिक पसंत केलें. स्वतःच्या चित्राखालीं मोठा आंकडा दिसला कीं मेंदूंतील सुख आणि बक्षीस यांच्याशीं संबंध असलेला भाग विशेष चेतत असे. आणि दारू, सिगारेट अशा धोक्याच्या गोष्टींचीं चित्रें पाहतांना आत्मसंयमनाशीं संबंध असलेल्या भागांची क्रिया मंदावत असे. चित्र बदललें नव्हतें; केवळ आंकडा बदलला होता, आणि त्याबरोबर आवड बदलली.

चांगलें काय आणि वाईट काय हें ठरविण्याची शक्ति ज्या वयांत आकार घेते, त्याच वयांत ती शक्ति आंकड्याच्या हवालीं होते, हा या विषयाचा गाभा आहे. दात कसे आहेत, रंग कसा आहे, आपण बोललों तें शहाणपणाचें होतें कीं नाहीं, हे प्रश्न आपणहि त्या वयांत विचारीत होतों. आपल्याला उत्तर देणारे चार मित्र होते, एखादी मोठी बहीण होती, क्वचित् एखादा शिक्षक होता. त्यांचें उत्तर चुकत असे, पण तें आपल्याला ओळखणाऱ्यांचें उत्तर होतें.

एका शाळेंतील आठवीच्या वर्गांतली हकीकत सांगतों. मुलांच्या ग्रुपवर एका मुलीच्या दातांवरून कोणी एक विचित्र चित्र तयार करून टाकलें. पूर्वीं शाळांत चिडवाचिडवी नव्हती असें मी म्हणणार नाहीं. ती भरपूर होती. पण शाळा सुटली म्हणजे ती सुटत असे, आणि घराचा उंबरा ओलांडला कीं मूल सुरक्षित होत असे. ही चिडवाचिडवी त्या मुलीबरोबर घरीं गेली, जेवतांना तिच्या शेजारीं बसली, रात्रीं उशाशीं निजली. किती जणांनीं तें चित्र पाहिलें हें पूर्वींच्या मुलीला माहीत नसतें. हिला तें नांवानिशीं माहीत होतें. ती आठवडाभर शाळेंत आली नाहीं. चित्र टाकणारा मुलगा दुष्ट होता काय? मुळींच नाहीं. त्याला वर्गाला हंसवावयाचें होतें, आणि त्याचा हंशा त्याला मोजून मिळाला.

मोठ्या प्रमाणावर पाहतां याचा पुरावा काय आहे? २०२१ सालीं फेसबुकमधील माजी कर्मचारी फ्रान्सिस हॉगेन यांनीं कंपनीचे अंतर्गत कागद उघडकीस आणले. त्यांत कंपनीच्याच पाहणीचा एक निष्कर्ष होता: स्वतःच्या शरीराविषयीं खिन्न वाटणाऱ्या कुमारिकांपैकीं शेंकडा ३२ जणींनीं, इन्स्टाग्राममुळें ती खिन्नता वाढते, असें सांगितलें होतें. कंपनीनें खुलासा केला कीं, विचारलेल्या १२ बाबींपैकीं ११ बाबींत, त्या अडचणीनें त्रस्त असलेल्या मुलींनीं हानीपेक्षां लाभच अधिक सांगितला. खुलासा मान्य केला तरी उरलेली बारावी बाब हीच शरीराची होती, आणि तेरा वर्षांच्या मुलीच्या आयुष्यांत ती बाराव्या क्रमांकाची नसते.

याहून गंभीर गोष्ट इंग्लंडांतील. मॉली रसेल ही चौदा वर्षांची मुलगी नोव्हेंबर २०१७ मध्यें स्वतःच्या हातून मरण पावली. मरणापूर्वींच्या सहा महिन्यांत तिनें ज्यांची दखल घेतली अशा सुमारें १६,३०० नोंदींपैकीं २,१०० नोंदी नैराश्य, स्वतःला इजा करणें आणि आत्महत्या यांविषयींच्या होत्या. सप्टेंबर २०२२ मध्यें मृत्यूची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्यानें, नैराश्य आणि असल्या मजकुराचे दुष्परिणाम या दोहोंनीं ती ग्रासलेली होती, असा निर्णय दिला. दुःखी मुलीनें दुःखाची एक चिठ्ठी उघडली, आणि यंत्रानें तिला तशाच शेंकडो चिठ्ठ्या आणून दिल्या. मनुष्य असता तर त्यानें विचारलें असतें, "बाळ, तुला झालें तरी काय?" यंत्राला तें विचारतां येत नाहीं. येथेंच सांगून ठेवतों कीं, मनाच्या अशा संकटांत १४४१६ या ‘टेलि-मानस’च्या क्रमांकावर आपल्या देशांत विनामूल्य सल्ला मिळतो, आणि मुलांसाठीं १०९८ हा क्रमांक आहे.

आतां विद्वानांतील मतभेद सांगणें प्रामाणिकपणाचें होईल. २०१९ सालीं एमी ऑर्बेन आणि अँड्र्यू प्रिझबिल्स्की या ऑक्सफर्डच्या संशोधकांनीं साडेतीन लक्षांहून अधिक मुलांची माहिती तपासली. मुलांच्या सुखदुःखांत जो फरक आढळतो त्यापैकीं फार तर शेंकडा ०·४ एवढाच भाग या डिजिटल साधनांच्या वापराशीं जोडतां येतो, असें त्यांना आढळलें. तें वाचून पुष्कळांनीं सुटकेचा श्वास टाकला. परंतु २०२२ सालीं त्याच दोघांनीं आणखी सहकाऱ्यांबरोबर ब्रिटनमधील सुमारें ८४ हजार लोकांची माहिती वयवार लावून पाहिली, तेव्हां निराळें चित्र दिसलें. मुलींत ११ ते १३ या वयांत आणि मुलांत १४ व १५ या वयांत माध्यमांचा अधिक वापर केला असतां वर्षभरानें समाधान घटलेलें आढळलें; १९ व्या वर्षाच्या सुमारास पुन्हा दोघांतहि तसेंच आढळलें.

शिक्षकाला यांत आश्चर्य वाटत नाहीं. वर्गाची सरासरी ५५ आली म्हणून मागच्या बाकावरील नापास मुलगा पास होत नाहीं. सरासरीनें सरकारचें धोरण ठरतें. घरांत मात्र सरासरी राहत नाहीं, एक विशिष्ट मूल राहतें. तें मूल सोबत घेऊन आनंदी होत आहे कीं जत्रेंत हरवत आहे, हें कोणताहि अहवाल आपल्याला सांगणार नाहीं.

मग उपाय काय? सरकारें आपापल्या परीनें विचार करीत आहेत. तेरा वर्षें पुरीं झालीं म्हणजे खातें उघडतां येतें, असा नियम बहुतेक माध्यमांनीं ठेवला आहे. हा तेराचा आंकडा वैद्यांनीं किंवा शिक्षकांनीं काढलेला नाहीं. मुलांची माहिती गोळा करण्याविषयींचा जो अमेरिकन कायदा १९९८ सालीं झाला त्यांतून तो आलेला आहे. ऑस्ट्रेलियानें २०२४ सालीं कायदा करून सोळा वर्षांखालील मुलांचीं खातीं प्रमुख माध्यमांवर असूं नयेत असें ठरविलें, आणि तो १० डिसेंबर २०२५ पासून अमलांत आणला. त्यांतील दंड मुलाला किंवा आईबापांना नाहीं. तो कंपनीला आहे आणि तो ४ कोटि ९५ लक्ष ऑस्ट्रेलियन डॉलरपर्यंत जाऊं शकतो. आपल्या देशांतील २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाच्या कायद्यानें अठरा वर्षांखालील मुलाच्या माहितीसाठीं आईबापांची खात्रीलायक संमति आवश्यक केली, आणि मुलांवर पाळत ठेवून त्यांना उद्देशून जाहिराती करण्यास मनाई केली. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्यें प्रसिद्ध झाले व मुख्य बंधनांसाठीं अठरा महिन्यांची मुदत ठेवण्यांत आली.

कायदा हवाच. परंतु कायदा दरवाजापर्यंत येतो. माजघरांत त्याला येतां येत नाहीं. येथें मला सांगली जिल्ह्यांतील मोहित्यांचें वडगांव या खेड्याची आठवण होते. साथीनंतर शाळा उघडल्या तेव्हां मुलांचें चित्त अभ्यासांत लागेना, हें तेथील शिक्षकांच्या ध्यानांत आलें. ऑगस्ट २०२२ पासून गांवानें एक प्रघात पाडला: संध्याकाळीं सात वाजतां भोंगा होई आणि पुढचा दीड तास घरोघर दूरदर्शन व मोबाइल बंद ठेवीत. मुलें अभ्यास करीत, मोठीं माणसें वाचीत किंवा एकमेकांशीं बोलत. या योजनेंतील खरी खुबी भोंग्यांत नाहीं. ती अशी कीं, नियम मुलांना एकट्यांना नव्हता, आजोबांनाहि होता. जो नियम सर्व घराला असतो तो मुलाला शिक्षा वाटत नाहीं.

शहरांतील घराला भोंगा नाहीं. तेथें आपणच भोंगा झालें पाहिजे. मला सुचतात त्या गोष्टी थोडक्यांत सांगतों. रात्रीं निजतांना घरांतील सर्व फोन बैठकीच्या खोलींत एका ठिकाणीं ठेवावे, आईबापांचेहि. १३ ते १८ या वयांत आठ ते दहा तास झोप हवी असें निद्रेचे वैद्य सांगतात, आणि उशाखालचा फोन ती झोप खातो. मुलाला सोबत लवकर द्यावी, जत्रा उशिरां दाखवावी. म्हणजे वर्गाचा किंवा कुटुंबाचा ग्रुप बाराव्या वर्षीं चालेल, परंतु सर्वांसाठीं उघडें असलेलें खातें पंधरा-सोळापर्यंत थांबूं द्यावें. खातें उघडलें तर तें ओळखीच्यांपुरतें खाजगी असावें. इन्स्टाग्रामवर लाइकचा आंकडा झांकून ठेवण्याची सोय २०२१ पासून आहे. ती मुलाबरोबर बसून लावावी. आणि आठवड्यांतून एकदां त्याच्या शेजारीं बसून, तें काय पाहतें तें हंसत-खेळत आपणहि पाहावें. झडती आणि सोबत यांतील फरक मुलाला क्षणांत कळतो.

याहून महत्त्वाचें एक वचन आहे, तें आजच मुलाला द्यावें: "कांहींहि घडलें, कोणीहि धमकी दिली, तुझ्या हातून कसलेंहि चित्र गेलें, तरी प्रथम मला सांग. मी ओरडणार नाहीं आणि फोन काढून घेणार नाहीं." परका माणूस गोड बोलून मुलाकडून एखादें चित्र मिळवितो आणि मग तें चहाटळ करण्याची धमकी देऊन पैसे किंवा आणखी चित्रें मागतो. त्याचें सारें बळ एकाच गोष्टींत असतें: हें मूल घरीं सांगणार नाहीं. तें बळ आपण एका वाक्यानें काढून घेऊं शकतों. पैशाची फसवणूक झाली असेल तर १९३० या क्रमांकावर तत्काळ कळवावें.

आतां थोडें आपल्याविषयीं, म्हणजे वडील मंडळींविषयीं. दहावीचा निकाल लागला कीं मुलाचे गुण घटकाभरांत वडिलांच्या स्टेटसवर झळकतात. तें मूल आंघोळीच्या टबांत असतांनाचें छायाचित्र त्याच्या जन्माच्या वर्षींच शे-दीडशें लोकांनीं पाहिलेलें असतें. त्याला कोणी विचारलेलें नसतें. मग संध्याकाळीं किती जणांनीं अभिनंदन केलें हें आपण मोजतों, आणि तें मूल आपल्याकडे पाहत असतें. ज्याला ९१ टक्के मिळाले त्याचें स्टेटस लागतें. ज्याला ५८ मिळाले त्याच्या घरीं त्या दिवशीं फोन उपडा पडलेला असतो. मुलाची किंमत आंकड्यांत मोजण्याची विद्या परदेशी कंपनीनें आपल्याला शिकविली नाहीं. तिनें आपल्या जुन्या संवयीला नवें दुकान काढून दिलें, इतकेंच. आपण टक्के मोजणें थांबविलें नाहीं, तर मुलांना लाइक मोजूं नका असें सांगण्याचा अधिकार आपल्याला कोठून येणार?

शेवटची गोष्ट. रिकाम्या हातांतून फोन काढला तर हात रिकामाच राहतो. मैदान, वाचनालय, तालीम, ढोलताशांचें पथक, नाटकाची तालीम, गडावरची पायपीट, यांतलें कांहीं तरी त्या हातांत आलें पाहिजे. या सर्व ठिकाणीं मुलाला पसंती मिळते आणि नापसंतीहि मिळते. पण ती ज्यांनीं त्याला घामाघूम झालेलें पाहिलें आहे अशा माणसांची असते. ढोल चुकला तर शेजारचा मुलगा कोपर मारतो आणि पुढच्या ठेक्याला हंसतो. कुमारवयाला हवी असलेली दाद आणि कानउघाडणी दोन्ही त्यांत येतात.

तात्पर्य, समाजमाध्यमें हीं विष नाहींत आणि अमृतहि नाहींत, एवढें बोलून मला थांबतां येणार नाहीं. तें बोलणें सोपें आहे आणि त्यानें कोणाचें कल्याण होत नाहीं. माझें म्हणणें नेमकें आहे. ओळखीच्या माणसांची सोबत मुलांकडून हिरावून घेऊं नका. ती त्यांच्या वाढीला हवी आहे. अनोळखी लोकांची जत्रा मात्र त्यांना थोडी उशिरां दाखवा, दिवसाउजेडीं दाखवा, आणि पहिल्या खेपेला बोट धरून न्या. बोट धरलें म्हणजे आपल्यालाहि चालावें लागतें, मुलाच्या गतीनें चालावें लागतें आणि त्या वेळीं आपल्या हातांत दुसरें कांहीं धरतां येत नाहीं. एवढी तयारी असेल तर आज रात्रींपासून आरंभ करण्यास हरकत नाहीं.